डीएलसी, पास आणि पेट्या : पैसे भरण्याआधी खरा भाव कसा काढायचा

लग्नाचा हॉल ठरवताना भाडं एक सांगतात, आणि शेवटी हिशेबाला बसलं की जनरेटर, भांडी, स्टेजची सजावट, साफसफाई असं एकेक वेगळं निघत जातं. व्हिडिओ गेमचंही आता तसंच झालं आहे: मूळ गेमचा भाव एक, आणि डीएलसी (डाउनलोडेबल कंटेंट, म्हणजे गेमला वरून जोडायचे भाग), पास, पेट्या यांचे पैसे वेगळे. फरक इतकाच की हॉलवाला निदान रुपयांत बोलतो. गेमवाला बोलतो व्ही-बक्समध्ये, यूसीत, डायमंडमध्ये नाहीतर क्रिस्टलमध्ये, म्हणजे गेमच्या आतच चालणाऱ्या चलनांत.

याची पहिली गाजलेली पावती एप्रिल २००६ ची आहे. बेथेस्डाने ‘ऑब्लिव्हियन’ गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं. एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलवर त्याची किंमत होती २०० मायक्रोसॉफ्ट पॉइंट. ८० पॉइंट म्हणजे १ डॉलर, म्हणजे चिलखत पडायचं अडीच डॉलरला. लोकांनी मनसोक्त टिंगल केली. पण पुढे जे जे आलं त्याचं बी त्या चिलखतात होतं: मुख्यतः दिसण्यासाठीची वस्तू, गेमच्या किमतीबाहेरचा वेगळा आकार आणि मध्ये घातलेलं खोटं चलन, म्हणजे आपण नेमके किती पैसे देतोय हे चटकन कळू नये.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी तीन आकडे कागदावर रुपयांत लिहायचे. खिशातून प्रत्यक्ष किती जाणार, म्हणजे वस्तूची किंमत नाही तर जो पॅक घ्यावा लागतो त्याची. घेतलेली गोष्ट किती दिवस वापरता येणार. आणि व्यवहार झाल्यावर खात्यात किती रक्कम अडकून राहणार. प्रत्येक प्रकारात कंपनी यातला वेगळा आकडा झाकून ठेवते.

सुटं डीएलसी

हा सगळ्यात सरळ प्रकार. किंमत समोर असते आणि वस्तू कायमची खात्यात येते. ‘द विचर ३’ ला ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ ९.९९ डॉलरला आणि मे २०१६ मध्ये ‘ब्लड अँड वाइन’ १९.९९ डॉलरला आलं, शिवाय १६ छोटे डीएलसी फुकट दिले. दुसऱ्या टोकाला ‘द सिम्स ४’. मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, पण एक्सपान्शन पॅकची मूळ किंमत ३९.९९ डॉलर, गेम पॅकची १९.९९, स्टफ पॅकची ९.९९ आणि किटची ४.९९. दार उघडं, पण आतली प्रत्येक खुर्ची विकत. अशा गेममध्ये ‘फुकट’ या शब्दाकडे बघू नका. स्टोअरवरच्या डीएलसीच्या यादीत जाऊन आपल्याला खरोखर हवेत ते तीन-चार पॅक निवडा आणि त्यांची बेरीज करा. तीच त्या गेमची आपल्यापुरती किंमत.

सुट्या डीएलसीत फसगत किमतीत होत नाही, जुळणीत होते.

एका स्टोअरचं, म्हणजे स्टीम किंवा एपिकसारख्या ऑनलाइन दुकानाचं, डीएलसी दुसऱ्या स्टोअरच्या गेमला लागत नाही. मूळ गेम एपिकवर फुकट मिळाला होता आणि डीएलसी स्टीमच्या सेलमध्ये स्वस्त दिसलं म्हणून घेतलं, तर ते नुसतं लायब्ररीत पडून राहतं. स्टीमच्या डीएलसी पानावर मूळ गेम लागेल अशी पट्टी असते, ती वाचा आणि तो मूळ गेम स्टीमवरच आपल्याकडे आहे ना ते बघा.

प्लेस्टेशनवर डिस्क वापरत असाल तर डिस्कचा रीजन (ती जगाच्या ज्या भागासाठी काढली तो) आणि डीएलसी घेतलेल्या खात्याचा रीजन एकच लागतो. न्यू जर्सीच्या मावशीने आणलेली अमेरिकन डिस्क भारतातल्या कन्सोलवर बिनतक्रार चालते. त्यामुळे शंका येत नाही, आणि मग भारतीय खात्यातून घेतलेलं डीएलसी त्या डिस्कला ओळखच देत नाही. बाहेरून आलेल्या डिस्कवर डीएलसी घ्यायचा विचार असेल तर आधी खोक्यावरचा रीजन तपासा. तसंच पीएस४ ची आवृत्ती इन्स्टॉल असेल आणि डीएलसी पीएस५ च्या आवृत्तीचं असेल तरी ते दिसणार नाही. दोन्ही जुळत असूनही कुलूप दिसत असेल तर पीएस५ वर सेटिंग्जमध्ये ‘युजर्स अँड अकाउंट्स’, मग ‘अदर’, मग ‘रिस्टोअर लायसन्सेस’ करा. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. स्टीमवर गेमच्या नावावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये डीएलसीचा टॅब असतो, तिथे खूण आहे का बघा.

तिसरी जुळणी सेव्ह फाइलची (आपण गेममध्ये कुठवर पोचलो याची नोंद), आणि ही सगळ्यात जास्त लोकांना नडते. ‘एल्डन रिंग’चं ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ २१ जून २०२४ ला ३९.९९ डॉलरला आलं. ते खेळायचं तर मूळ गेममध्ये आधी राडान आणि मोग या दोन बॉसना, म्हणजे बलाढ्य शत्रूंना, हरवावं लागतं. पैसे भरले म्हणून दार उघडत नाही. मोगपर्यंत पोचणं हेच कित्येक तासांचं काम आहे.

आता याच ठिकाणी परताव्याचं घड्याळ कसं चालतं ते बघा. स्टीमचा नियम असा: डीएलसी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि डीएलसी घेतल्यानंतर मूळ गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मिळतात. नीट वाचा, ‘मूळ गेम’. डीएलसीला हात लावला नाही तरी घड्याळ चालूच असतं. म्हणजे संध्याकाळी डीएलसी घेतलं, मग मोगला हरवायला बसलात, तीन तास मार खाल्ला आणि वैतागून परतावा मागितला, तर मुदत उलटून गेलेली असते. म्हणून क्रम उलटा ठेवा. दार उघडेल इतकी प्रगती आधी, डीएलसी नंतर. सेलमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून आधी घ्यायचंच असेल, तर ‘परतावा नाही’ असं गृहीत धरून घ्या. शिवाय एकदा वापरून संपणाऱ्या, उदाहरणार्थ पात्राची पातळी कायमची वाढवणाऱ्या डीएलसीला हा परतावा लागू होत नाही.

घाई नसेल तर सुटं डीएलसी पहिल्या दिवशी घेण्यात काही हशील नाही. वर्षा-दोन वर्षांत बऱ्याच मोठ्या गेमची सगळं एकत्र असलेली आवृत्ती निघते. स्टीमवर काही बंडल ‘उरलेलं पूर्ण करा’ या पद्धतीचे असतात, त्यात आपल्याकडे आधीच असलेल्या भागांचे पैसे वजा होतात. जूनअखेरचा आणि डिसेंबरअखेरचा सेल हे दोन मोठे मुहूर्त.

एक जुना वाद इथेच उरकू. मार्च २०१२ मध्ये कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’च्या डिस्कवर १२ पात्रं आधीच भरलेली निघाली, फक्त कुलूपबंद. ‘डाउनलोड’ म्हणून ज्याचे पैसे मागितले ते घरी आणलेल्या डिस्कमध्येच होतं. तेव्हापासून ‘डाउनलोड’ हा शब्द अक्षरशः घेऊ नये. बरेचदा आपण फाइल नाही, किल्ली विकत घेतो.

सीझन पास आणि महागडी आवृत्ती

सीझन पास म्हणजे पुढे येणाऱ्या डीएलसीचे आगाऊ पैसे. इथे झाकलेला आकडा असतो वेळेचा. ‘स्टारफील्ड’ घ्या. विक्रीला आला तेव्हा साधी आवृत्ती ६९.९९ डॉलर, प्रीमियम ९९.९९. वरच्या ३० डॉलरमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये पाच दिवस लवकर खेळायला मिळालं, काही सजावट मिळाली आणि पहिलं मोठं डीएलसी ‘मिळेल’ असं आश्वासन. ते ‘शॅटर्ड स्पेस’ आलं ३० सप्टेंबर २०२४ ला. सुटी किंमत २९.९९ डॉलर. म्हणजे वर्षभर आधी पैसे देऊन सूट मिळाली शून्य, आणि डीएलसी कसं निघालं हे वाचून ठरवायची संधीही गेली. ते पाच दिवस कुणाला ३० डॉलरचे वाटत असतील तर त्याचा तो प्रश्न. आमच्या मते ते नव्हते.

पास घ्यायचाच असेल तर पानावर दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: आत नेमकी किती डीएलसी आहेत, आणि प्रत्येक साधारण कधी येणार. स्टीमची मालक कंपनी व्हॉल्वने तिथे २०२४ च्या अखेरीस हे विकणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं आहे. यादी आणि अपेक्षित वेळ द्यावी लागते, आणि एखादं डीएलसी रद्द झालं तर न आलेल्या भागाची किंमत ग्राहकाला परत करावी लागते. नुसतं ‘आणखी बरंच काही’ असं लिहिलं असेल तर ती यादी नव्हे.

गेममधलं चलन

खरा डाव इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

फोर्टनाइटचे अमेरिकेतले ऑक्टोबर २०२३ चे दर घेऊ. १,००० व्ही-बक्स ८.९९ डॉलरला, २,८०० व्ही-बक्स २२.९९ ला. दुकानात एक स्किन, म्हणजे पात्राचा नुसता पेहराव, आहे १,२०० ची. मनातल्या मनात आपण म्हणतो, हजाराला नऊ डॉलर, म्हणजे बाराशेला पावणेअकरा. पण त्या दरपत्रकात बाराशेचा पॅकच नाही. हजाराचे दोन घ्यावे लागतात, म्हणजे १७.९८ डॉलर. हातात स्किन, आणि खात्यात ८०० व्ही-बक्स शिल्लक. त्या ८०० मध्ये पुढची १,२०० ची स्किन येत नाही, मग आणखी एक पॅक. सुटे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवणारा वाणी आठवा. इथे चॉकलेट सात डॉलरचं आहे, आणि ते त्याच दुकानात खपवावं लागतं.

भाव काढायची रीत सोपी आहे. हव्या वस्तूची किंमत व्हायला कमीत कमी कुठले पॅक लागतात ते जुळवा, त्यांची रुपयांतली बेरीज करा आणि तीच वस्तूची किंमत माना. शिल्लक उरेल तिची किंमत शून्य धरा. ‘पुढे कामाला येईल’ म्हणून ती वजा केलीत की गणित कंपनीच्या बाजूने झुकतं. मोठ्या पॅकवर ‘बोनस’ लिहिलेला असतो, त्यालाही हाच न्याय: बोनस धरून एककाचा भाव काढा, पण लागणार नसलेली एककं स्वस्त पडली म्हणून घेऊ नका. बटाटे किलोमागे दोन रुपये स्वस्त आहेत म्हणून कुणी पोतं घेत नाही.

काही गेममध्ये चलनाच्या आत आणखी चलन असतं. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पैशाचे जेनेसिस क्रिस्टल होतात, क्रिस्टलचे प्रिमोजेम, १६० प्रिमोजेमचं एक फेट, आणि एका फेटची एक विश, म्हणजे नशीब अजमावण्याची एक खेप. रुपया आणि पात्र यांच्यामध्ये चार पायऱ्या. प्रत्येक पायरीवर आकडा बदलतो आणि रुपयांची आठवण पुसट होत जाते. युरोपीय संघाच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये याच मुद्द्यावर तत्त्वं जाहीर केली. किंमत खऱ्या चलनात दाखवा आणि नको असलेलं चलन गळ्यात मारू नका, हा त्यांचा गाभा. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’वर, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांवर, मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. खोटी घाई निर्माण करणं, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं हे त्यात नावानिशी आहे. पाच मिनिटांचं उलटं घड्याळ संपल्यावर तीच ऑफर पुन्हा त्याच पाच मिनिटांवर सुरू झाली, तर तिचा स्क्रीनशॉट ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

बॅटल पास

बॅटल पास म्हणजे ठरावीक मुदतीच्या, म्हणजे एका सीझनच्या, बक्षिसांचा पास. इथे पैसे कमी आणि वेळ जास्त जातो. पास घेतला की सगळं लगेच मिळत नाही. पातळ्या चढाव्या लागतात आणि सीझन संपला की राहिलेलं जातं. म्हणजे आपण विकत घेतो ती खेळून कमावण्याची परवानगी.

हिशेब असा. समजा १०० पातळ्या आहेत, सीझन ६० दिवसांचा आहे, १० दिवस आधीच गेले आहेत. अर्धा तास खेळून बघा किती प्रगती होते. समजा एका पातळीला सरासरी ४० मिनिटं लागतात. शंभरला झाले ४,००० मिनिटं, म्हणजे जवळपास ६७ तास. उरलेल्या ५० दिवसांत रोज ८० मिनिटं, एकही सुट्टी न घेता, परीक्षा आणि गणपती धरून. जमणार नसेल तर शेवटच्या आठवड्यात गेम उरलेल्या पातळ्या पैशाने विकायला काढतो, आणि त्या वेळी ‘इतकं खेळलो, आता थोडक्यासाठी कशाला सोडायचं’ हा विचार हमखास येतो. पासची दुसरी विक्री या आठवड्यात होते.

यावर उतारा आहे, आणि तो बहुतेक गेममध्ये चालतो: पास न घेता सीझनभर खेळा. पातळ्या फुकटातही चढत असतात. शेवटच्या काही दिवसांत बघा कितवी पातळी गाठली आहे. जे हवं होतं ते त्या पातळीच्या आत असेल तर तेव्हा पास घ्या, मागचं सगळं एकदम खुलं होतं. नसेल तर पैसे वाचले. घेण्याआधी मागची बक्षिसं मिळतात ना, हे त्या गेमच्या पास पानावर तपासा, आणि शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका. पेमेंट अडकलं तर सीझन निघून जातो.

फोर्टनाइटचा पास बरीच वर्षं ९५० व्ही-बक्सचा होता आणि सर्वांत लहान पॅक १,००० चा. उरणारे ५० व्ही-बक्स चुकून राहिलेले नाहीत. पास पूर्ण केला तर पुढच्या पासपुरतं चलन परत मिळायचं, त्यामुळे नेमाने खेळणाऱ्याला तो एकदाच विकत घ्यावा लागे. अर्धवट सोडणाऱ्याला दर वेळी. ‘हेलो इन्फिनिट’ आणि ‘हेलडायव्हर्स २’ यांचे पास मुदतीने संपत नाहीत. निवड असेल तेव्हा असे पास बरे.

नशिबाची पेटी

पैसे देऊन पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचं, असा हा प्रकार. जत्रेत रिंग टाकून साबण जिंकायचा खेळ असतो, तिथे निदान रिंग किती लहान आहे ते डोळ्यांनी दिसतं. इथे शक्यता टक्क्यांत लिहिलेली असते, आणि ती वाचताना बहुतेक जण चुकतात.

‘काउंटर-स्ट्राइक’च्या पेटीतून चाकू किंवा तत्सम अतिदुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता चीनमधल्या वितरकाने २०१७ मध्ये जाहीर केली: ०.२६ टक्के. साधारण ३८५ पेट्यांत एक. पेटी उघडायची किल्ली २.४९ डॉलरची. आता १०० पेट्या उघडल्या तर? खर्च २४९ डॉलर, आणि निदान एक चाकू निघण्याची शक्यता सुमारे २३ टक्के. म्हणजे शंभर पेट्या उघडणाऱ्या चारांतले तीन जण हात हलवत परत जातात. ३८५ उघडल्या तरी नक्की नाहीच. शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास पोचते आणि खर्च साडेनऊशे डॉलरच्या वर. आधीच्या पेट्या रिकाम्या गेल्या म्हणून पुढची ‘लागेल’ असं काही नसतं. पेटीला आठवण नसते.

काही गेममध्ये मात्र आठवण ठेवलेली असते, तिला ‘पिटी’ म्हणतात. गेन्शिनच्या पात्रांच्या बॅनरवर, म्हणजे ठरावीक पात्राची जाहिरात केलेल्या सोडतीत, पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के, पण ९० व्या खेपेला ते नक्की. त्यात अट अशी की पहिल्यांदा निघालेलं पात्र जाहिरातीतलंच असेल असं नाही. ते हुकलं तर पुढचं नक्की. म्हणजे सगळ्यात वाईट धरलं तर १८० खेपा. १८० गुणिले १६०, झाले २८,८०० प्रिमोजेम. सर्वांत मोठा पॅक ९९.९९ डॉलरचा, बोनस धरून ८,०८० क्रिस्टल. तीन पॅकांत भागत नाही, चार लागतात. जवळपास ४०० डॉलर, एका पात्रासाठी, आणि वर ३,५२० क्रिस्टल शिल्लक. त्या शिलकेत आणखी २२ खेपा होतात, आणि त्या न खेळता राहणारा माणूस विरळा. रोजच्या खेळातून फुकट प्रिमोजेम मिळतात, तेवढे यातून वजा करा. पण बजेट ठरवताना सरासरी नको, हा वाईटातला आकडा धरा. तो परवडत नसेल तर पहिली खेपही पैशाने घेऊ नका. फुकट साठवलेल्या प्रिमोजेमवर काय ते निघू दे.

बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या तिथल्या जुगारविरोधी कायद्याचा भंग ठरवल्या. अमेरिकेत गेन्शिनच्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये २ कोटी डॉलर भरून तडजोड केली, आणि १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या न विकण्याचं मान्य केलं.

भारतातून पैसे भरताना

स्टीमवर भारतीय खात्याला किंमत रुपयांत दिसते आणि तिच्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. अमेरिकेतल्या किमतीवर कर वेगळा लागतो, त्यामुळे डॉलरला थेट रुपयांनी गुणून ‘आपल्याकडे महाग’ म्हणू नका. व्हीपीएनने (इंटरनेटवर आपला खरा देश लपवणाऱ्या सेवेने) देश बदलून स्वस्तात घ्यायच्या भानगडीतही पडू नका. तो नियमभंग आहे आणि त्यात खातं जाऊ शकतं. परदेशातले नातेवाईक तुम्हाला भेट देणार असतील तर गेम पाठवण्यापेक्षा स्टीमचं डिजिटल गिफ्ट कार्ड सोयीचं. दोन देशांतल्या किमतींत मोठा फरक असला की स्टीम गेम भेट पाठवू देत नाही, कार्डाची रक्कम मात्र रुपयांत बदलून येते.

डॉलरमध्ये पैसे घेणाऱ्या टॉप-अप साइटवर (जिथे गेममधलं चलन विकत मिळतं) कार्ड वापरलं तर बँक परकीय चलनाचा अधिभार लावते. बऱ्याच कार्डांवर तो २ ते ३.५ टक्के असतो, आणि त्या अधिभारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. कार्ड चालतच नसेल तर आधी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का बघा. मार्च २०२० पासून नवीन कार्डांवर ते बंदच येतात.

यूपीआयने पैसे गेले आणि यूसी किंवा डायमंड आले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार ‘पेंडिंग’ असतो आणि मग दोन्ही पूर्ण होतात. व्यापाऱ्याला केलेला व्यवहार फसला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) आणि गेममधला प्लेयर आयडी दोन्ही जपून ठेवा. तक्रार करताना एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग होत नाही.

टेलिग्रामवर किंवा इन्स्टाग्रामवर ‘अर्ध्या किमतीत यूसी’ विकणारे बरेचदा चोरीच्या कार्डांवर ते उचलतात. मूळ मालकाने बँकेत तक्रार केली की चलन काढून घेतलं जातं आणि खातं बंद होतं, तुमचं. खऱ्या टॉप-अपला प्लेयर आयडी पुरतो. पासवर्ड किंवा ओटीपी मागितला की तिथेच थांबायचं.

मासिक वर्गणी असेल तर गेम फोनमधून काढून टाकल्याने ती बंद होत नाही. प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करा आणि यूपीआय अॅपच्या ‘ऑटोपे’ विभागातही मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, राहिला नाही ना ते बघा. १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना ओटीपी लागत नाही. पैसे जाण्याच्या २४ तास आधी येणारी सूचना हाच काय तो इशारा, आणि तो जाहिरातींच्या मेसेजमध्ये बुडून जातो.

घरात मुलं तुमच्या फोनवर खेळत असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. ३० मिनिटांचा पर्याय नको. एकदा बोट टेकवलं की पुढचा अर्धा तास तिजोरी उघडी राहते. अॅपलच्या अशाच १५ मिनिटांच्या खिडकीमुळे मुलांनी केलेल्या खरेदीबद्दल त्या कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेत निदान ३.२५ कोटी डॉलर परत करायचं कबूल केलं होतं. प्ले स्टोअरमधल्या ‘बजेट’वर विसंबू नका. ते फक्त सांगतं, अडवत नाही. फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या अॅपची खरेदी-परवानगी गुगलच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीलाच लागू होते. मुलाने ब्राउझरमध्ये टॉप-अप साइट उघडली तर तिथे कुणी विचारत नाही, म्हणून फोनमध्ये कार्ड साठवलेलं नसावं आणि यूपीआय पिन दुसऱ्या कुणाला माहीत नसावा.

चुकून खरेदी झालीच तर वेळ महत्त्वाची. गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत थेट गुगलकडे परतावा मागा, त्यानंतर ते गेमवाल्याकडे बोट दाखवतात. अॅपलवर ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ पानावरून. प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क संपला, म्हणून ऑटो-डाउनलोड बंद ठेवा. कुठेही, खरेदी केलेलं चलन खर्च केलेलं असेल तर आशा कमी. मुलाने हजाराचे डायमंड घेतलेत हे कळल्यावर पहिलं काम रागावणं नाही, फोन काढून घेणं आहे, म्हणजे ते खर्च होणार नाहीत.

परतावा नाकारला म्हणून बँकेत चार्जबॅक टाकायचा, म्हणजे दिलेले पैसे बँकेमार्फत उलटे ओढून घ्यायचा, मोह होतो. तो अगदी शेवटचा उपाय. स्टीम आणि प्लेस्टेशन अशा वेळी वादाच्या रकमेपुरतं नाही, अख्खं खातं गोठवू शकतात, आणि त्यात दहा वर्षांची लायब्ररी असू शकते.

आणि शिल्लक साठवून ठेवू नका. स्टीम ऑक्टोबर २०२४ पासून कार्टमध्येच लिहितं की तुम्ही घेताय तो परवाना आहे. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’चा सर्व्हर बंद केला, त्याबरोबर गेमही गेला आणि त्यात घेतलेल्या गाड्याही. आपल्याकडे पब्जी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झालं, फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये, बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गेलं ते मे २०२३ मध्ये परत आलं. आपल्याकडच्या या तिन्ही वेळी आधी कुणी तारीख सांगितली नव्हती. आज जे घ्यायचं आहे त्यापुरताच टॉप-अप करा, आणि मोठ्या पॅकवरचा बोनस दुकानदाराकडेच राहू द्या.